मोटर रिवाइंडिंगचं दुकान, चार रुपयांचा क्लिक आणि दोन खानापूर

बेळगावात खानापूर रोडच्या अंगाला बोअरच्या जळलेल्या मोटरी रिवाइंड करून, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून देणारं एक दुकान आहे. नाव लिहीत नाही, मालकांची तेवढीच अट होती, बाकी काय ते सगळं लिही म्हणाले. आकडे मी गोल करून घेतलेत, हिशेब समजावा पण त्यांच्या गल्ल्याचा अंदाज कुणाला लागू नये इतपत. सबमर्सिबल, ओपनवेल, मोनोब्लॉक, पिठाच्या गिरणीची मोटर, जे जळेल ते तिथं येतं. गिऱ्हाईक बेळगाव आणि खानापूर तालुक्यातलं, थोडं बैलहोंगलकडचं, आणि चंदगडचं बरंच, कारण चंदगडवाल्याला कोल्हापूर लांब आणि बेळगाव जवळ, मधे राज्याची हद्द आहे पण जळलेल्या मोटरीला त्याचं काय.

तर प्रकरण असं की दुकानाची गूगलवर जाहिरात चालू होती, एका एजन्सीकडून, दिवसाला ३०० रुपये म्हणजे महिन्याला नऊ हजाराच्या आसपास. दर महिन्याला रंगीत पीडीएफ यायची. क्लिक २,२०० च्या वर, एका क्लिकला सरासरी ४ रुपये, आणि 'कन्व्हर्जन', म्हणजे क्लिकनंतर फोन वगैरे केलेली गिऱ्हाईकं, शेकड्यानं. कागदावर बघितलं तर दुकानासमोर मोटरींची रांग लागायला पाहिजे होती. मालकांना आम्ही अण्णा म्हणतो, ते एवढंच म्हणाले, "क्लिक येऊलालेत म्हणे, मोटर काय येईना." पीडीएफपेक्षा मला हे वाक्य जास्त उपयोगी पडलं, कारण सगळं प्रकरण त्याच फरकाचं आहे.

अण्णांचा पहिला प्रश्न होता की चार रुपयाचा क्लिक म्हणजे स्वस्तच की, मग तोटा कसा? हे समजायला आधी पैसे नेमके कशाचे जातात ते बघावं लागतं. कुणीतरी फोनवर 'बोअर मोटर रिपेअर बेळगाव' टाइप केलं की निकाल दिसायच्या आत, डोळ्याचं पातं लवतंय तोवर, त्या शब्दांवर जाहिरात लावलेल्या सगळ्यांचा लिलाव होतो. दर वेळेला नवा लिलाव. जाहिरात दिसली आणि कुणी दाबली नाही तर पैसे शून्य. दाबली की पैसे गेले, मग पुढं त्या माणसानं फोन केला, नाही केला, पान उघडायच्या आधीच मागं गेला, ते गूगलच्या हिशेबात नाही. म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक विकत घेत नाही, अमुक शब्द टाइप करणारा एक माणूस तुमच्या दारापर्यंत आणून सोडायचे पैसे देता. तो माणूस कोण, कुठला आणि कशासाठी शोधत होता हे त्यानं टाइप केलेल्या शब्दांत असतं, क्लिकच्या दरात नसतं.

दुसरा प्रश्न सगळेच विचारतात, जास्त पैसे टाकले की वर येणार ना? सुरुवातीला होतं तसं. ही क्लिकवर पैसे घ्यायची पद्धत रूळावर आणली ती गूगलनं नाही, १९९८ ला अमेरिकेत बिल ग्रॉस या माणसाच्या गोटू डॉट कॉम या सर्च इंजिननं, तिथं सरळ मार्केट यार्डातला सौदा होता, जास्त बोली तो वर. तीच कंपनी पुढं ओव्हर्चर झाली आणि २००३ ला याहूनं घेतली. गूगलचं अ‍ॅडवर्ड्स ऑक्टोबर २००० ला आलं तेव्हा ते जाहिरात किती वेळा दाखवली त्याचे पैसे घ्यायचं, २००२ ला क्लिकवर आलं आणि येताना एक पाचर मारून आलं की नुसती बोली चालणार नाही, लोक ती जाहिरात किती दाबतात तेही धरणार. २०१८ ला नाव गूगल अ‍ॅड्स झालं, पाचर तीच आहे, फक्त आता जाड झालीय. जाहिरात दाबली जायची शक्यता किती, शोधलेल्या शब्दाशी ती किती जुळते, आणि दाबल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का, हे तिन्ही बघतात.

अण्णांना वहीवर असं करून दाखवलं. समजा तुमची बोली २० रुपये आणि दर्जा १० पैकी ८, गुणाकार १६०. दुसऱ्या दुकानाची बोली ३० रुपये पण दर्जा ४, गुणाकार १२०. वर तुम्ही. आणि पैसे २० नाही जात, त्या १२० ला हरवायला जेवढे लागतात तेवढेच, म्हणजे १२० भागिले ८, पंधरा रुपये आणि वर थोडे पैसे. तो तीस द्यायला तयार असून खाली, तुम्ही पंधरात वर. खरं गणित यापेक्षा किचकट आहे, शोधणारा कुठं आहे, कुठला फोन आहे, किती वाजलेत, सगळं त्यात येतं, आणि अकाउंटमध्ये जो १० पैकी क्वालिटी स्कोअर दिसतो तो काय थेट लिलावात घालत नाहीत, तो तुम्हाला अंदाज यावा म्हणून दाखवतात. पण धंद्याला समजण्यापुरतं हे गणित पुरतं. अण्णा वहीकडं बघत म्हणाले, "म्हणजे खराब दुकानाला भाडं जास्त." बरोब्बर.

मग अकाउंट उघडायला गेलो तर अकाउंटच अण्णांच्या नावावर नव्हतं. जाहिरात एजन्सीच्या अकाउंटमधून चालत होती, अण्णांकडं फक्त पीडीएफ. हे बेळगावात मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता नवल वाटत नाही, पण सांगतो, अकाउंट तुमच्या जीमेलवर पाहिजे आणि एजन्सीला त्यात आत यायची परवानगी द्यायची, उलटं नाही. नाहीतर एजन्सी सोडली की कुठल्या शब्दावर किती गेले, कुठला शब्द चालला, हा सगळा इतिहास त्यांच्याकडं राहतो आणि तुम्ही परत पाटी कोरी. आणखी एक नुकसान कुणाच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. गूगलच्या जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, अण्णांचं रजिस्ट्रेशन आहे, पण बिल त्यांच्या जीएसटी नंबरावर फाटतच नव्हतं त्यामुळं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, गेलं ते गेलंच. बरीच बोलाचाली झाल्यावर एजन्सीनं बघण्यापुरता अ‍ॅक्सेस दिला, तेवढा बास होता.

पहिलं भोक पहिल्याच स्क्रीनवर. सर्चची जाहिरात बनवताना खाली एक टिकमार्क आधीच लावलेला येतो, डिस्प्ले नेटवर्कचा. तो काढला नाही की उरलेलं बजेट वेबसाइट आणि अ‍ॅप्सवर जाहिरात दाखवण्यात जाऊ शकतं. इथं तेच झालेलं, निम्म्याहून जास्त क्लिक तिकडून. गेम खेळता खेळता पोराचा अंगठा लागला की झाला क्लिक. असले क्लिक स्वस्त असतात, त्यांनीच तो सरासरी चार रुपये खाली ओढला होता. पीडीएफमध्ये तेच ठळक अक्षरात, 'सीपीसी कमी केला', सीपीसी म्हणजे एका क्लिकचा दर. केला खरा!

दुसरं भोक कन्व्हर्जनचं आणि ते जास्त वाईट. कन्व्हर्जन म्हणजे गिऱ्हाईकानं आपल्याला पाहिजे ते केलं, फोन लावला, व्हॉट्सअ‍ॅप केला, असं काहीतरी. इथं सेटिंग असं होतं की वेबसाइटचं संपर्काचं पान नुसतं उघडलं तरी एक कन्व्हर्जन. वर बोली लावायचं काम गूगलच्या ऑटोमॅटिक पद्धतीवर सोडलेलं, जास्तीत जास्त कन्व्हर्जन आणा म्हणून. आता ती मशीन काय करणार, तिला जे कन्व्हर्जन म्हणून सांगितलं तेच ती स्वस्तात गोळा करणार, पान उघडून पळून जाणारे लोक ती मन लावून शोधत होती. मशीन चोख काम करत होती, काम चुकीचं सांगितलेलं.

आणि उरलेल्या कन्व्हर्जनपैकी बरीच दुकानाच्या स्वतःच्याच नावावरून. म्हणजे ज्या माणसाला दुकानाचं नाव माहिती आहे, जो फक्त नंबर शोधायला गूगलवर आला, त्यालाही जाहिरातीतून आत घेतलेलं आणि त्याचेही पैसे दिलेले. नावावर जाहिरात लावणं काही वेळा गरजेचं असतं, दुसरं कुणी तुमच्या नावाच्या शब्दावर बोली लावून वर बसत असेल तर, आणि तशी बोली लावता येते. पण अण्णांच्या नावावर कुणीच बसलेलं नव्हतं, नाव टाकलं की खाली फुकटातलं गूगल बिझनेस प्रोफाइल फोटोसकट येत होतं. तो शब्द बंद केला. यावर अण्णांच्या मुलाचं आणि माझं अजून एकमत नाही, त्याला वाटतं आपलं नाव सगळ्यात वर चमकलं पाहिजे. असू दे.

आता शब्दांवर येऊ, कारण खरं प्रकरण तिथं आहे. अकाउंटमध्ये सर्च टर्म्सचा रिपोर्ट असतो, लोकांनी खरोखर काय टाइप केलं आणि त्यावर तुमची जाहिरात दाबली त्याची यादी. (२०२० नंतर गूगल त्यात सगळं दाखवत नाही, अगदी कमी लोकांनी शोधलेलं लपवतं, तरी कळायला पुष्कळ आहे.) एजन्सीनं 'मोटर', 'सबमर्सिबल', 'मोटर रिवाइंडिंग', 'पंप', 'खानापूर मोटर' असे शब्द, म्हणजे कीवर्ड, उघडे टाकलेले. कीवर्ड नुसता टाकला की तो ब्रॉड मॅच होतो, म्हणजे गूगलला त्याच्याशी संबंधित वाटेल त्या कशावरही जाहिरात दिसणार. अवतरण चिन्हात टाकला की त्या अर्थाचा भाग शोधात असला पाहिजे, चौकोनी कंसात टाकला की सगळ्यात घट्ट, तोच अर्थ. घट्ट म्हटलं तरी आता गूगल जवळपासच्या अर्थाचे शोध त्यातही धरतं, पण ब्रॉडपेक्षा लाखपटीनं बरं.

यादी वाचताना अण्णांचा कारागीर मागं उभा राहून हसत होता. 'पाच एचपी सबमर्सिबल वाइंडिंग डेटा', 'मोटर वाइंडिंग चार्ट पीडीएफ', 'थ्री फेज मोटर टर्न किती'. हे शोधणारे कोण? दुसरे रिवाइंडिंगवाले! कुठल्या मोटरीत किती गेजची तार आणि किती वेढे, ते गूगलवर शोधतात, आमचा कारागीरपण शोधतो. म्हणजे अण्णा स्वतःच्या पैशानं धंद्यातल्या भाऊबंदांना आपली वेबसाइट दाखवत होते. त्यानंतर आयटीआय आणि वाइंडिंग कोर्सवाली पोरं. मग पंपसेटची सबसिडी, सोलर पंपाचा अर्ज. मग पेट्रोल पंप. मग 'बेलगाम मोटर्स' टाइपचे, म्हणजे चारचाकीचं शोरूम शोधणारे. 'टुल्लू पंप किंमत', 'सेकंड हँड मोटर'. जळलेली मोटर घेऊन हैराण झालेला शेतकरी या गर्दीत कुठंतरी मागं उभा होता, त्याच्यापर्यंत बजेट पोचायच्या आत दुपार व्हायची.

त्यातून निगेटिव्ह कीवर्डची यादी बनवली, म्हणजे शोधात हे शब्द असले तर आमची जाहिरात दाखवूच नका. डेटा, चार्ट, डायग्राम, पीडीएफ, कोर्स, आयटीआय, जॉब, सबसिडी, योजना, पेट्रोल, कार, शोरूम, सेकंड हँड. इथं एक ध्यानात ठेवा, निगेटिव्ह शब्द समानार्थी शब्दाला धरत नाही. 'कोर्स' अडवला म्हणून 'क्लास' अडत नाही, 'ट्रेनिंग' अडत नाही, आणि इंग्रजी अक्षरातला अडवला म्हणून देवनागरीतला आपोआप अडत नाही, कन्नडमधला तर नाहीच. सीमाभागात हे काम तिप्पट होतं. पुण्यातल्या दुकानाला जी यादी एकदा करून भागते ती आम्ही तीन लिप्यांत केली, कन्नडची दुकानातल्या बैलहोंगलच्या पोरानं करून दिली, आम्हाला सुचले नसते असले शब्द काढले त्यानं.

गावाच्या नावाचंही तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर शहर बेळगावी आहे, पण टाइप करणारा माणूस कागद बघून टाइप करत नाही. रिपोर्टमध्ये बेलगाम होतं, बेळगाव होतं, बेलगावी होतं, बेळगावी होतं, वर त्या प्रत्येकाची स्पेलिंगं दोन-तीन. चंदगडकडची आणि आमची जुनी माणसं इंग्रजीत टाइप करताना अजून बेलगामच करतात, नवी पोरं आणि मॅपवरून बघणारी बेलगावी. नावावरून इथं काय काय झालंय ते सगळ्यांना माहिती आहे, दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हा कर्नाटकाचा नियम आहे तो अण्णा पाळतात, पण कीवर्डला पाटी नसते, गिऱ्हाईक जे टाइप करेल ते घ्यायचं. सगळी नावं घेतली.

आता दुसरं खानापूर. 'खानापूर मोटर रिपेअर' या शब्दावर क्लिक बरे येत होते, फोनही आले होते, पण फोनवरचा माणूस म्हणायचा विट्यातनं बोलतोय, दुकान नेमकं कुठं? सांगली जिल्ह्यात खानापूर तालुका आहे, त्याचं मुख्य ठिकाण विटा, आणि तिकडच्या माणसाला आमच्या खानापूर रोडशी काही देणंघेणं नाही. मग तिथल्या माणसाला बेळगावची जाहिरात दिसलीच कशी, टार्गेट तर बेळगाव होतं? तर लोकेशनच्या सेटिंगमध्ये आत एक पर्याय लपलेला असतो. आधीपासून निवडलेला असतो तो असा की त्या भागात असलेले, नेहमी येणारे, किंवा त्या भागात रस दाखवणारे. शोधात खानापूर आलं की गूगल समजतं की याला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात रस आहे. दुसरा पर्याय आहे फक्त तिथं असलेले किंवा नेहमी येणारे. तो घेतला, शिवाय सांगलीचं खानापूर नावानिशी वगळलं. पुण्या-मुंबईला असलेली आमच्याकडची पोरं गावातल्या बापासाठी मोटरवाला शोधतात, ती यात सुटतात हे खरं आहे, आणि तसे एकदोन फोन अण्णांना आधी आले होते. पण त्यांच्यासाठी सगळा महाराष्ट्र उघडा ठेवायचा म्हणजे महाग पडतं, ती पोरं शेवटी बापालाच फोन करून विचार म्हणतात.

टार्गेट कसं आखायचं हाही इथला खास प्रश्न. एजन्सीनं आधी नुसता बेळगाव जिल्हा टाकलेला, सरळ वाटतं, पण त्यानं दोन घोटाळे होतात. एक, चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात, तो पूर्ण बाहेर पडतो, म्हणजे अण्णांचं हमखास गिऱ्हाईकच बाहेर. दोन, जिल्हा केवढा, वर अथणी, कागवाड, निपाणीपर्यंत. निपाणीवाला मोटर घेऊन कोल्हापूरला जाईल, सत्तर-ऐंशी किलोमीटर बेळगावला कशाला येईल? तिकडून फोन येतात, भाव विचारतात, 'माणूस पाठवा' म्हणतात, आणि संपलं. म्हणून जिल्हा काढून दुकानाभोवती गोल आखला, चंदगड आत, निपाणी-चिकोडी बाहेर. गोल आखताना घाट मात्र दिसत नाही, नकाशावर जवळ असलेलं जांबोटी-कणकुंबीच्या पलीकडचं गोव्याचं टोक चोर्ला घाटानं लांब पडतं, ते हातानं वगळावं लागलं.

भाषेचं सेटिंग फक्त मराठीवर होतं, मराठी दुकान म्हणून. कुणाच्या फोनची भाषा काय आहे बघा एकदा, आमच्याकडं सत्तरीचा माणूस मराठीशिवाय बोलत नाही पण फोन इंग्रजीत, कारण दुकानदारानं जसा दिला तसाच आहे. गूगल फोनची भाषा, शोधाची भाषा असल्या खुणा बघून ठरवतं. मराठी, कन्नड, इंग्रजी, हिंदी चारही घेतल्या. पण गूगल जाहिरातीचं भाषांतर करून देत नाही, तुम्ही लिहाल तीच दिसते, म्हणून कन्नड शब्दांचा गट वेगळा करून त्याला कन्नड जाहिरात वेगळी.

जाहिरातीच्या मजकुरावर अण्णांशी वाद झाला. एका मथळ्याला ३० अक्षरं मिळतात, १५ मथळे आणि ९० अक्षरांची ४ वर्णनं देता येतात, गूगल त्यातून जुळवून दाखवतं. अण्णांना पाहिजे होतं 'विश्वासार्ह सेवा, अनेक वर्षांची परंपरा'. मी म्हटलं अण्णा, मोटर जळलीय आणि उसाला पाणी द्यायची पाळी आहे, त्याला परंपरेचं काय करायचंय, त्याला तीन गोष्टी पाहिजेत, किती दिवसांत देणार, तोवर बदली मोटर देणार का, आणि मोटर वर काढायला माणूस आहे का. तेच मथळे केले. आणि एक वर्णन मुद्दाम असं लिहिलं की 'मोटर दुकानात आणावी लागेल'. जाहिरातीत गिऱ्हाईक पळवणारं वाक्य कशाला, असं मुलगा म्हणाला. पण पळणारा माणूस दाबायच्या आधी पळाला तर फुकट पळतो, दाबून पळाला तर पंधरा रुपये घेऊन पळतो.

वेबसाइटचं तर काय सांगू, पहिल्या स्क्रीनवर सरकणारे चार मोठे फोटो, उद्घाटनाचा, सत्काराचा, खानापूरच्या पलीकडं रेंज एक कांडी असते तिथं ते उघडेपर्यंत माणूस दुसऱ्याला फोन लावून मोकळा. नंबर पार तळाला. जाहिरातीसाठी वेगळं एकच पान केलं, वर मोठं फोनचं बटण, त्याखाली व्हॉट्सअ‍ॅप, 'मोटरच्या नेमप्लेटचा फोटो पाठवा', मग मराठीत आणि कन्नडमध्ये दर आणि दिवस. फोटोची कल्पना कारागिराची. नेमप्लेटवर एचपी, फेज, स्टेज सगळं असतं, ते बघून तो दोन मिनिटांत आकडा सांगतो. रात्रीचं हेच कामाला आलं. शेतीची थ्री-फेज लाईट ठराविक तास आणि बरेचदा रात्री, मोटर जळल्याचं तेव्हाच कळतं आणि माणूस तिथंच विहिरीवर उभा राहून शोधतो. रात्री दुकान बंद म्हणून जाहिरात बंद करायची असं आधी ठरत होतं, पण मग व्हॉट्सअ‍ॅप आहेच की, रात्रीची चालू ठेवली आणि सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम फोटोंना उत्तर.

कन्व्हर्जन आता फक्त दोन, फोनचं बटण दाबलं आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबलं. त्यावरही पूर्ण विश्वास नको म्हणून दुकानातल्या वहीत मोटर जमा करताना एक रकाना वाढवला, कुठून कळलं. कारागीर 'गू' लिहितो, 'ओ' म्हणजे ओळखीचा. सॉफ्टवेअरपेक्षा हा रकाना खरा, कारण मोटर आली की नाही हे गूगलला दिसत नाही.

आता हिशेब. आधी ४ रुपयाचा क्लिक, अंदाजे ४०० क्लिकमागं एक मोटर, म्हणजे एका मोटरीला जाहिरात खर्च १,६०० रुपये. तार, वार्निश, बेअरिंग, मजुरी जाऊन अण्णांना एका कामात सरासरी दीड हजार सुटतात असं धरा. म्हणजे प्रत्येक मोटरीमागं शंभर रुपये पदरचे, आणि न मिळालेला जीएसटी धरला तर चारशेच्या घरात. नवीन मांडणीत क्लिक १५ रुपयांच्या आसपास गेला, जवळजवळ चौपट, आणि अण्णांचा चेहरा पहिल्या आठवड्यात बघण्यासारखा होता. पण दहा क्लिकला एक फोन आणि तीन फोनला एक मोटर, म्हणजे ३० क्लिकला एक काम, खर्च ४५० रुपये. उलटंही काढून ठेवलं, दीड हजार भागिले तीस, पन्नास रुपये, त्याच्या वर क्लिक गेला तर काम करून काही उरत नाही. ही पन्नासची रेघ ज्याची त्यानं स्वतःच्या धंद्याची काढायची असते. कुणीतरी दुसऱ्याचा 'चांगला सीपीसी' सांगतो त्याला अर्थ नाही, ज्याला एका कामात पन्नास हजार सुटतात त्याला तीनशेचा क्लिकपण स्वस्त असेल.

मधे दोन भानगडी झाल्या. एके दिवशी ३०० च्या जागी ५८० रुपये गेले आणि मुलाचा रात्री फोन, पैसे चोरीला गेले म्हणून. गूगल एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, पण महिन्याला ३०.४ पट म्हणजे ३०० ला ९,१२० च्या वर घेत नाही, बाकीच्या दिवशी कमी करतं. दुसरी भानगड म्हणजे अण्णांना पक्कं वाटत होतं की पलीकडच्या गल्लीतला रिवाइंडिंगवाला मुद्दाम आपल्या जाहिराती दाबत बसतो. अकाउंटमध्ये इनव्हॅलिड क्लिकचा रकाना लावून दाखवला, गूगलनं गाळलेले आणि पैसे न लावलेले क्लिक त्यात दिसतात, फार काही नव्हते. गंमत अशी की खुद्द अण्णाच रोज सकाळी आपली जाहिरात दिसते का म्हणून शोधायचे आणि न दाबता बंद करायचे, घरातली सगळी मिळून. दिसून न दाबणं म्हणजे जाहिरातीच्या दर्जाला धक्का, आणि हळूहळू त्यांना ती दिसायचीच बंद झाली, मग परत आरडाओरडा. अकाउंटच्या आत प्रिव्ह्यूचं साधन आहे, त्यात बघा म्हणून मुलाच्या फोनवर लावून दिलं.

बोअरचा धंदा फेब्रुवारी ते मे. पाणी खाली जातं, मोटर कोरडी चालते, व्होल्टेज पडतं, जळते. जूनमध्ये आमच्याकडं पाऊस लागला की खानापूरकडचे शोध आटतात, तेव्हा बजेट दिवसाला शंभरावर आणलं आणि फक्त गिरणीची मोटर, फाउंड्रीतल्या मोटरी, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीकडचे शब्द चालू ठेवले. ते बारा महिने असतात, गिऱ्हाईक कमी पण काम मोठं.

सध्या अण्णांच्या डोक्यात नवीन मोटरी जाहिरातीवर विकायचं आहे. मी नको म्हणतोय. 'सबमर्सिबल किंमत' शोधणारा माणूस पाच ठिकाणी भाव बघतो, ऑनलाइनच्या भावाशी तोलतो, आणि नवीन मोटरीत अण्णांना जे सुटतं त्यात त्या शब्दांचे क्लिक बसत नाहीत, रेघ पंचवीसच्या आत येते. अण्णा ऐकत नाहीत, म्हणतात जळलेली मोटर रिवाइंड होण्यासारखी नसली तर तोच माणूस नवीन घेतो की. हे बरोबर आहे, पण मग तो माणूस रिवाइंडिंगच्या जाहिरातीतून आधीच दुकानात आलेला असतो, त्याच्यासाठी वेगळे पैसे कशाला? शेवटी वेगळी कॅम्पेन, दिवसाला पन्नास रुपये, शब्द फक्त चौकोनी कंसातले, एवढ्यावर तोडलं. वहीत 'गू' च्या पुढं आता 'न' आणि 'रि' पण लिहायला सांगितलंय, सोमवारी दुकान उघडलं की मुलगा सर्च टर्म्सची यादी काढतो आणि बैलहोंगलचा पोरगा कन्नडचे वगळायचे शब्द त्याच्या शेजारी बसून सांगतो.